किर्स्टीन टिन्सलीचं मत

वॉशिंग्टन,
गुरुवार, २२ जानेवारी १८८०

प्रिय किर्स्टीन, प्रिय लव्हिना आणि टेबलाभोवती जमलेली सगळी सेना,

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना पापे. मी इकडे धडधाकट आहे, भूक शाबूत आहे आणि अंगावरचे कपडे अजून उसवलेले नाहीत. तिकडे दोन्ही घरांत सगळे बरे असतील अशी आशा करतो. पत्र नेहमीप्रमाणे आमांडा वाचत असणार. बाळ, घाई करू नकोस, आणि बिशप दारात उभे असतील तर त्यांना आधी खुर्ची द्या. ते 'सहज चाललो होतो' म्हणतात खरं, पण टपाल आलेल्या दिवशीच ते सहज कसे चालतात ते मला इथून दिसतं.

माझ्या घरमालकीण मिसेस पेटिबोन यांनी अखेर माझ्या कॉफीचा नाद सोडला. वर्षभर रोज सकाळी त्या माझ्यापुढे कप ठेवायच्या आणि मी तो रोज शेजाऱ्याकडे सरकवायचो. शेवटी परवा म्हणाल्या, "मिस्टर टिन्सली, कॉफी नाही, चहा नाही, तंबाखू नाही, व्हिस्की नाही. मग तुम्ही लोक करता तरी काय?" पलीकडून कोणीतरी म्हणालं, "लग्नं करतात!" जेवणाचं सगळं टेबल हसलं. मीही हसलो. न हसून सांगतो कोणाला?

इथल्या संसदेच्या सभागृहाच्या सज्जात अजून बायका दुर्बिणी लावून माझ्या डोक्याकडे बघतात. आपल्या मॉर्मन पंथाच्या माणसाला शिंगं असतात असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. मी मुद्दाम टोपी काढून, मान वळवून त्यांना सगळ्या बाजू दाखवतो. फार निराश होतात बिचाऱ्या.

इथली माझी जागा म्हणाल तर लग्नातल्या दूरच्या मामासारखी. पान मांडतात, बोलू देतात, पण बैठकीत कोणी विचारत नाही. आपलं युटा अजून राज्य नाही, नुसता प्रदेश. त्यामुळे मला भाषण करता येतं, मत देता येत नाही. गंमत बघा, आपल्या घरातल्या दोन बाया मत देऊ शकतात आणि त्यांनी पाठवलेला माणूस देऊ शकत नाही!

आणि नेमकं तुमचं तेच मत काढून घेण्याचं विधेयक सध्या इथे आलंय. मंगळवारी त्यावर मी बोललो. भाषण बरं झालं. ओघात घरचं एक बारीकसं उदाहरण दिलं, त्यावर सभागृह बरंच हसलं. वर्तमानपत्रवाल्यांनी ते उचललेलं दिसतं. तिकडे काही छापून आलं तर निम्म्याने वाचा. उदाहरण काय होतं ते तसं विशेष नाही.

गव्हाच्या कोठाराचं छप्पर बघून घ्या. करड्या गाईचं काय झालं ते कळवा. किर्स्टीन, गेल्या निवडणुकीच्या दिवशी तू गावासाठी अ‍ॅपल-पाय भाजले होतेस ना? किती घाईत होतीस तू... बरं, ते असो.

सर्वांचा,
नीफाय


वॉशिंग्टन,
मंगळवार, २७ जानेवारी १८८०

प्रिय किर्स्टीन,

हे पत्र टेबलावर वाचायचं नाही. आमांडाने मागितलं तरी द्यायचं नाही. बिशप सहज चालत आले तर त्यांना चालू दे.

मी एक मूर्खपणा करून बसलोय आणि त्यात आता तुला ओढतोय. गेल्या पत्रात सांगायचं होतं, पण बारा पोरांसमोर ते कसं वाचलं जाईल याची कल्पना केली आणि लेखणी गाईकडे वळवली.

झालं ते असं. मिस्टर हॅक्सॉल म्हणून एक सभासद आहेत, विधेयक त्यांचंच. ते उठले आणि म्हणाले, "युटातल्या बाईचं मत म्हणजे नवऱ्याचंच मत. पाच बायकांचा दादला सहा मतं टाकतो. यापेक्षा मेंढ्यांना मत द्या, निकाल तोच लागेल."

मेंढ्या म्हणाला गं तो! माझ्या डोळ्यांपुढे तू आलीस, लव्हिना आली, गव्हाचं कोठार चालवणाऱ्या आपल्या सगळ्या भगिनी आल्या. माझं डोकं फिरलं. महिनाभर घोकलेलं भाषण बाजूला राहिलं आणि मी बोलून गेलो, "सन्माननीय सभासदांच्या माहितीसाठी सांगतो, गेल्या निवडणुकीत माझ्याच घरातल्या बाईने माझ्याविरुद्ध मत दिलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी मला नाश्ता वाढला!"

काय हशा झाला म्हणून सांगू! हॅक्सॉलचे स्वतःचे मित्र बाकं बडवत होते. पण तो बेरकी. हशा ओसरायची वाट बघून गोड आवाजात म्हणाला, "कोणत्या बाईने?"

आता आली का पंचाईत? 'थोरलीने' म्हणावं तर धाकटी आहे हे कबूल, आणि दोन बायका करणं गुन्हाच, या गेल्या वर्षीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कबुलीचा रस्ता सरळ तुरुंगात जातो. मी म्हटलं, "मतदान गुप्त असतं, महाराज." वेळ निभावली असं वाटलं. पण काल समितीच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मिस्टर टिन्सली, तुमचं उदाहरण फार बोलकं आहे. समितीतले निम्मे लोक त्यावर डळमळलेत. आता सोळा तारखेपर्यंत मिसेस टिन्सलींचं तसं प्रतिज्ञापत्र आणा. आणलंत तर विधेयक बहुधा इथेच पडेल. नाही आणलंत तर तुम्ही सभागृहात खोटं बोललात असं धरू." कायद्याच्या डोळ्यांत मिसेस टिन्सली तू एकटीच.

किर्स्टीन, ते खोटंच होतं. रागाच्या भरात मी ते जागच्या जागी रचलं. माझ्या मताची मला जितकी खात्री, तितकीच तुझ्या मताची होती. आणि आता मी तुझ्याकडे, शेजारणीचा पाव कच्चा असला तर तिच्या तोंडावर सांगणाऱ्या बाईकडे, मॅजिस्ट्रेटसमोर खोटी शपथ मागतोय. लिहितानाही लाज वाटते.

दुसरा मार्ग एकच. सोळा तारखेला मी उभं राहून सांगायचं की मी थाप मारली. मग 'मॉर्मन खोटारडे' हा मथळा ठरलेला, आणि माझ्या एका वाक्यापायी आपल्या प्रदेशातल्या हजारो बायांचं मत जाणार. तसं झालं तर मला घरी तोंड दाखवायला जागा नाही.

तू नाही म्हणालीस तर तुला एका शब्दाने बोलणार नाही. तू ठरव.

तुझा लज्जित,
नीफाय

ता. क. लव्हिनाला यातलं काही सांगू नकोस. ती लगेच रडेल.


कॉटनवुड बेंच, युटा प्रदेश,
शुक्रवार, ६ फेब्रुवारी १८८०

मिस्टर टिन्सली,

आम्ही सगळे बरे आहोत. करडी गाय व्याली, कालवड झाली. तुझं पत्र बुधवारी मिळालं आणि मी ते गोठ्यात वाचलं. गाईने कान टवकारले होते, पण ती कोणाला सांगायची नाही.

तुला उत्तर द्यायच्या आधी काल काय झालं ते ऐक. नाही तर बिशपच्या पत्रातून कळेल, आणि त्यांना कधीच काही धड सांगता येत नाही.

तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधीच वर्तमानपत्र गावात आलं होतं. निम्म्याने वाचा म्हणे! गावाने दुपटीने वाचलं. जी ती विचारी, 'कोण गं ती?' मला बघितलं की बायका लव्हिनाच्या घराकडे बघायच्या आणि लव्हिनाला बघितलं की माझ्या घराकडे. लव्हिना माझ्याशी बोलेना, मी तिच्याशी बोलेना. दोन दिवस पोरंच इकडचे निरोप तिकडे नेत होती.

तुला आठवत असेल, आपल्या गावच्या पेटीत तुझ्याविरुद्ध दोन मतं निघाली होती. ती कोणाची याचा छडा लावायला गाव पंधरा महिने जंग जंग पछाडतंय. शेवटी सगळ्यांनी मिळून ती जोडे शिवणाऱ्या येप्पेच्या नावावर टाकली, एक त्याचं आणि एक त्याच्या बायकोचं. पुरावा काय? तो चोरून कॉफी पितो. तेव्हापासून त्याच्याकडे कोणी जोडे टाकत नाही. मी मात्र या काळात त्याच्याकडून सहा जोड शिवून घेतले. तू आलास की कपाटात दिसतील, तेव्हा 'एवढे कशाला' म्हणून ओरडू नकोस.

काल महिन्याचा पहिला गुरुवार, चर्चमधली उपवासाची सभा. साक्ष द्यायला पहिला येप्पेच उठला. म्हणाला, "बंधूंनो, मी कॉफी पितो. देव मला क्षमा करो, मी पुढेही पिईन. पण ते मत माझं नव्हतं. एक तर बंधू टिन्सलींच्या घरातच सापडलं म्हणता. मग दुसरं तरी माझ्या घरात कशाला शोधता?" आणि एवढा मोठा दाढीवाला माणूस, नीफाय, सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

मी उठले. तुझं पत्र तोवर माझ्या खिशात होतं, पण मी त्यासाठी उठले नाही हे ध्यानात ठेव. मी येप्पेसाठी उठले. म्हटलं, "एक मत माझं होतं."

बिशप म्हणाले, "भगिनी टिन्सली, खाली बसा. उपाशी पोटी चक्कर आली असेल."

म्हटलं, "चक्कर नाही, बिशप. आज मी शुद्धीवर आहे, आणि त्या दिवशीही होते."

तेवढ्यात माझ्या मागच्या बाकावर कोणीतरी उठल्याचं जाणवलं. वळून बघते तर लव्हिना, कडेवर बाळ. म्हणाली, "आणि दुसरं माझं."

रडली वगैरे काही नाही. तू तिला ओळखत नाहीस.

सवतींचं कधी कशावर एकमत होत नाही म्हणतात. आमचं झालं होतं आणि पंधरा महिने आमचा आम्हालाच पत्ता नव्हता! दुसरं मत येप्पेचं असं मी समजत होते, तीही तेच समजत होती. घरी येताना वाटेत आम्ही आधी एकमेकींकडे बघितलं नाही, मग बघितलं, मग कुंपणाला धरून पोट दुखेपर्यंत हसलो. शेवटी थोडं रडलोही. पण आधी हसलो.

तर तू खोटं बोललास ते खरं निघालं. याचं श्रेय घेऊ नकोस.

आता का, ते सांगते. एकदाच सांगेन.

आपल्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली नऊ तू बाहेर होतास. धर्मप्रचाराला तीन इंग्लंडात, तीन माझ्याच डेन्मार्कात, दोन अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, आणि आता हे एक. दर वेळी तुझं नाव व्यासपीठावरून वाचलं गेलं. दर वेळी बिशपने विचारलं, "मान्य असणाऱ्यांनी उजवा हात वर करावा." सगळ्यांनी केला. मीही केला. शेजारीण बघत असताना कोण हात खाली ठेवील? डेन्मार्कला गेलास तेव्हा माझ्या आईला तू भेटून आलास, मी नाही. परत आलास तोवर ती गेल्याचं पत्र तुझ्या आधी पोचलं होतं. तेव्हाही मी काही बोलले नाही, कारण काम देवाचं होतं आणि तू चांगला माणूस आहेस. आहेसच.

मग तू विधानसभेत तो कायदा करवून आणलास. मताच्या चिठ्ठीवर आकडा नको, चिठ्ठी बंद पाकिटात, कोणाचं मत कोणाला हे कोणालाच कळू नये. घरी येऊन केवढं कौतुकाने सांगत होतास! त्या दिवशी भट्टीत ते अ‍ॅपल-पाय ठेवून मी मत द्यायला गेले. हातात तो कागद घेतला आणि लक्षात आलं की लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला कोणीतरी विचारतंय, 'किर्स्टीन, तुझ्या नवऱ्याने जावं का?' आणि उत्तर देताना कोणी बघतही नाहीये. मी 'नाही' म्हटलं. परत येईपर्यंत अ‍ॅपल-पाय थोडे करपले होते, तुला आठवत असेल.

मत कोणाला दिलं? त्या बिडलला. खाणवाल्यांचा तो वकील, तोंड बघितलं की दूध नासावं. आमचा हक्क काढून घ्या म्हणून ओरडत हिंडणाराही तोच, हे मला माहीत होतं. पण तो निवडून आला असता तर वॉशिंग्टनला तो गेला असता आणि तू घरी राहिला असतास. मी एवढंच बघितलं. बाकीचं राजकारण तुझ्याकडे.

प्रतिज्ञापत्र सोबत आहे. मॅजिस्ट्रेटने तीनदा विचारलं, "नक्की ना?" लव्हिनालाही सही करायची होती. मी म्हटलं, "अगं वेडे, तुझी सही गेली की त्यांना दोन बायका सापडतील आणि नवरा सभागृहातून तुरुंगात जाईल." तर म्हणते कशी, "तुरुंग निदान सॉल्ट लेकला आहे. तिथे भेटायला तरी जाता येतं."

आमचं मत जाऊ देऊ नकोस. हॅक्सॉलला सांग, मेंढ्या एवढा विचार करत नाहीत. आणि पुन्हा तशीच वेळ आली तर ते मी पुन्हा वापरीन, तुझ्याच विरुद्ध.

तुझ्या विरोधातली, पण दुसऱ्या कोणाची नव्हे,
किर्स्टीन


वॉशिंग्टन,
मंगळवार, १७ फेब्रुवारी १८८०

प्रिय किर्स्टीन, प्रिय लव्हिना,

हे पत्र दोघींनी मिळून वाचा. मग वाटलं तर आमांडाला द्या, तिलाही लवकरच मत मिळेल.

विधेयक या अधिवेशनापुरतं पडलं. काल अध्यक्षांनी तुझं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. 'कारण: नवरा घरी हवा होता' या ओळीशी ते थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. कोणीतरी म्हणालं, "हॅक्सॉल, तुमची बायको तुमच्याबद्दल एवढं लिहील का हो?" त्यावर जो गोंधळ झाला त्यात हॅक्सॉल काय म्हणाले ते कोणालाच ऐकू आलं नाही. नऊ विरुद्ध चार मतांनी विधेयक बाजूला ठेवलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा येईल, आल्याशिवाय राहायचं नाही. पण या वर्षी तुमचं मत तुमच्याकडे आहे, आणि ते माझ्या भाषणाने वाचलेलं नाही.

आता माझं ऐका. पत्र वाचून मला आधी राग आला. खरं सांगतो, फार आला. घरातली दोन मतं, तीही बिडलला! रागारागाने नदीपर्यंत चालत गेलो आणि वाटेत तुला झणझणीत उत्तर जुळवत होतो. तुझ्या आईच्या ओळीपाशी आलो आणि ते जुळेना. तिने दारात उभं राहून मला विचारलं होतं, "किर्स्टीन का नाही आली?" मी म्हटलं होतं, "काम माझं आहे, आई." मी हे तुला कधीच सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं ते आता कळतंय.

लव्हिना, तुलाही. मी तुला रडकी समजत होतो. माफ कर. येप्पेलाही माझा नमस्कार सांगा, आल्यावर मी स्वतः त्याच्याकडे जोडे टाकीन.

सॉल्ट लेकहून चर्चच्या वडीलधाऱ्यांचं पत्र आलंय. माझ्यावर खूश आहेत. नोव्हेंबरात मीच पुन्हा उभं राहावं असं त्यांचं म्हणणं आहे. चर्चच्या एप्रिलच्या सभेत नाव वाचायचं, हात वर होतील, झालं. परतीच्या टपालाने होकार मागितलाय. परतीचं टपाल काल गेलं. मी त्यात काही घातलं नाही.

किर्स्टीन, लव्हिना, उभा राहू का? जे असेल ते सरळ लिहा. नको म्हणालात तर पुढच्या मार्चमध्ये मुदत संपताच सामान बांधतो आणि वडीलधाऱ्यांना काय सांगायचं ते माझं मी बघतो. हो म्हणालात तर तेही तुमचं म्हणून मानीन. तुमचं उत्तर येईपर्यंत इथे कोणालाही माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही.

विचारायला सव्वीस वर्षं उशीर झालेला,
तुमचा नीफाय